सल्ल्याआधीची वीस मिनिटं



अधिवेशनाच्या अध्यक्षानं शास्त्राच्या भवितव्यावर बोलावं असा रिवाज आहे. मी मात्र एकाच बैठकीबद्दल बोलणार आहे. महिन्यातून एकदा आपण आठ-दहा समुपदेशक जमतो, कोणीतरी केस मांडतं, बाकीचे बोलतात आणि त्याला आपण ग्रुप सुपरव्हिजन म्हणतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या बैठकांत सल्ले फार लवकर सुरू होतात, आणि ज्यासाठी जमलो ते राहून जातं.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी ज्याखाली होते, तो रिहॅबिलिटेशन कौन्सिलचा कायदा १९९२चा. क्लिनिकल सायकॉलॉजीचं एम.फिल. करताना दोन वर्षं कोणी ना कोणी आपल्या पाठीशी असतं. केस हिस्टरी तपासली जाते, रिपोर्टवर लाल शेरे येतात. नोंदणी क्रमांक हातात पडला की हे सगळं थांबतं. एम.ए. करून थेट समुपदेशनात उतरलेल्यांना तर अनेकदा तेवढंही मिळत नाही. ब्रिटनमध्ये बीएसीपी या समुपदेशकांच्या संघटनेची अधिस्वीकृती हवी असेल तर महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन लागतं, आणि केस पांढरे झाले म्हणून त्यातून सुटका होत नाही. आपल्याकडे नोंदणीच्या नूतनीकरणाला सीआरईचे, म्हणजे सतत चालणाऱ्या शिक्षणाचे, गुण लागतात, ते कार्यशाळांना बसून मिळतात. कार्यशाळा वाईट नसतात, जेवणही बरं असतं. पण परवा सहाच्या क्लायंटचं नाव डायरीत दिसताच तुझ्या पोटात गोळा का आला, हे तिथं कोणी विचारत नाही.

हा प्रश्न विचारायची पद्धत जुनी आहे. १९२० साली बर्लिनमध्ये माक्स आयटिंगॉन आणि कार्ल अब्राहम यांनी मनोविश्लेषणाचं क्लिनिक काढलं. शिकाऊ विश्लेषकानं आपल्या केस अनुभवी व्यक्तीपुढे नियमित मांडायच्या, ही शिस्त तिथून रुजली. इकडे कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटी स्थापन केली. पण त्यांच्या वर कोण? फ्रॉइड व्हिएन्नात. दोघांची कधी भेट झाली नाही, जे काही मतभेद व्हायचे ते पत्रांतून. जिल्ह्याच्या ठिकाणी एकट्यानं प्रॅक्टिस करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांची वंशावळ मला तरी बोसांपर्यंत जाताना दिसते.

गटाची पद्धत मात्र मायकेल बालिंट यांची. हे मूळचे बुडापेस्टचे, पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले. १९५० च्या सुमारास लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये त्यांनी आणि ईनिड बालिंट यांनी साध्या फॅमिली डॉक्टरांचे गट सुरू केले. १९५७ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की दवाखान्यात सर्वांत जास्त दिलं जाणारं औषध म्हणजे स्वतः डॉक्टर, आणि या औषधाची मात्रा किती, दुष्परिणाम काय, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं. डॉक्टरांना जे लागू, ते आपल्याला दुपटीनं लागू. आपल्याकडे तर गोळीसुद्धा नाही.

बालिंट गटाची बैठक कशी चालते, ते जरा जवळून पाहू. केस मांडणाऱ्यानं फाइल उघडायची नाही. आठवेल ते आठवेल त्या क्रमानं दहा मिनिटं सांगायचं. काय विसरलं आणि कशावर दोनदा घुटमळलं, तीही माहितीच असते. मग वय, घरात कोण, किती सेशन झाली, असे चार साधे प्रश्न. त्यानंतर, पुढे बालिंट गटांत रूढ झालेल्या प्रथेप्रमाणे, केस मांडणाऱ्यानं आपली खुर्ची मागे ओढून गप्प बसायचं. वीस-पंचवीस मिनिटं. गटानं मांडणाऱ्याकडे न बघता आपसात बोलायचं: ऐकताना मला काय झालं, कोणाचा राग आला, कुठे जांभई आली. काय करायला हवं होतं, हा विषय तेवढा वेळ बंद. गटप्रमुखाचं मुख्य काम ही वीस मिनिटं राखण्याचं.

ही वीस मिनिटं राखली नाहीत तर काय होतं? दोन-तीन केस एकत्र करून, तपशील बदलून सांगते. एका समुपदेशिकेनं केस मांडली. बाईंचा नवरा दारू पितो. बाई न चुकता येतात, रडतात, पण काहीच बदलत नाही. गटानं तत्परतेनं विचारलं, नवऱ्याला मुक्तांगणला नेलं का? हो, पण तो यायला तयार नाही. अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगला पाठव. हो, पण सासू बाहेर पडू देत नाही. माहेरच्यांना बोलाव. हो, पण भाऊच प्यायला बसतो. पाऊण तासात गट घामाघूम झाला आणि समुपदेशिका जवळजवळ रडकुंडीला आली. तेव्हा कोपऱ्यात बसलेली, त्या दिवशी फक्त बघायला आलेली एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, त्या बाईंच्या घरी पण असंच चालत असेल ना? सगळे सांगणारे, आणि ऐकणारी एकटी."

सेशनमध्ये जे घडतं तेच सुपरव्हिजनमध्ये पुन्हा घडतं, हे मेरीलँडच्या चेस्टनट लॉजमधले मनोविश्लेषक हॅरल्ड सर्ल्स यांनी १९५५ मध्ये नोंदवलं होतं. 'हो, पण'चा हा खेळ मानसोपचारतज्ज्ञ एरिक बर्न यांच्या वाचकांना परिचयाचा आहे. तरी आमच्यापैकी एम.फिल. झालेल्या एकालाही तो दिसला नाही, कारण सगळे खेळत होते. समुपदेशिकेला त्या दिवशी पत्ते आणि फोन नंबर मिळाले. बाईंच्या समोर आपणही सासूइतकंच सांगत बसतो, हे मात्र तिला त्या एका वाक्यातून कळलं, आणि पुढच्या सेशनमध्ये ती दहा मिनिटं काही सुचवल्याशिवाय बसू शकली.

आता आपली खास अडचण. आपल्या गटात एक 'सर' असतात किंवा एक 'मॅडम' असतात. त्या बोलल्या की चर्चा संपते. पुष्कळदा त्याच संस्थेच्या प्रमुख असतात, पगारवाढीच्या कागदावर त्यांचीच सही असते. त्यांच्यासमोर 'मला या क्लायंटचा कंटाळा येतो' असं कोण म्हणेल? अमेरिकेत निकोलस लॅडनी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये शिकाऊ थेरपिस्टना विचारलं, तेव्हा जवळपास प्रत्येकानं सुपरव्हायझरपासून काही ना काही लपवल्याचं कबूल केलं. त्यात सर्वांत वरचा क्रमांक होता सुपरव्हायझरविषयीच्याच नकारात्मक भावनांचा. हे तिकडचं, जिथे प्रोफेसरला नावानं हाक मारतात. आपल्याकडे तर आल्या आल्या वाकून नमस्कार होतो. माझं स्पष्ट मत आहे की जो पगार ठरवतो त्यानं सुपरव्हिजन करू नये. छोट्या संस्थांना हे परवडत नाही असं मला सांगितलं जातं. मग दोन संस्थांनी माणसं अदलाबदल करावीत.

दुसरी अडचण गावाची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं. पण तालुक्याच्या गावात नाव बदलून भागत नाही. 'बाजारपेठेतल्या सोनाराची धाकटी सून' एवढं म्हटलं की निम्मा गट मान डोलावतो. म्हणून गट जिल्ह्याबाहेरचा हवा, ऑनलाइन झाला तरी चालेल. अट एकच, घरातलं कोणी मागे वावरत नसेल आणि इअरफोन लावलेला असेल. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री अकरा वाजता केस टाकून 'प्लीज गाइड' लिहिणं म्हणजे सुपरव्हिजन नव्हे. त्याला दुसरं नाव आहे, ते मी व्यासपीठावरून घेत नाही.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सुपरव्हिजनमुळे क्लायंटला नक्की किती फायदा होतो, याचा भक्कम पुरावा अजून तोकडाच आहे. समुपदेशकाला आधार वाटतो, हे अभ्यासांतून बऱ्यापैकी दिसतं. तिथून क्लायंटपर्यंतचं अंतर मोजणं अवघड आहे. तरीही मी आग्रह धरते, कारण वर्षानुवर्षं एकटा काम करणारा माणूस हळूहळू प्रत्येक क्लायंटला आपल्या आवडत्या एका साच्यात बसवू लागतो, आणि बंद दाराआड ते त्याच्या लक्षात आणून देणारं कोणी नसतं.

कार्यकारिणीपुढे मी मांडलेला प्रस्ताव असा. सहा ते आठ जणांचे गट करायचे, प्रत्येक गटात किमान तीन जिल्हे. महिन्यातून एक ठरलेला वार, दीड तास. फी सर्वांना सारखी, ज्येष्ठांनाही. गटप्रमुख दर वर्षी बदलायचा आणि गटप्रमुखांचा स्वतःचा वेगळा गट करायचा. हे शेवटचं कलम कालच्या बैठकीत सर्वांत जास्त अडलं. 'आता या वयात आमच्या केस कोण ऐकणार?' असं एकांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे आणि त्यावर अजून निर्णय झालेला नाही. दुपारच्या खुल्या सत्रात तो आधी घेऊ. नावनोंदणीचे फॉर्म जेवणाच्या हॉलबाहेरच्या टेबलावर आहेत. पहिल्या गटात केस मांडणाऱ्यांच्या रकान्यात मी माझं नाव लिहून आले आहे.