बर्फातला मॉल आणि मासळीची फळी



सध्या गटाच्या प्रत्येक बैठकीत एकच प्रश्न निघतोय. "ताई, तालुक्याला मॉल होतोय म्हणे. मग आपले पापड, कुरडया, मसाले कोण घेणार?" म्हणून आज मी तुम्हाला अशा एका गावाची गोष्ट सांगते, जिथे मॉल आधीच आलाय. गाव मात्र फार लांबचं आहे, पार उत्तरेला, ग्रीनलंडमध्ये.

ग्रीनलंड हे जगातलं सगळ्यात मोठं बेट. बहुतेक जमीन बारा महिने बर्फाखाली. अख्ख्या बेटावर माणसं सुमारे ५६,०००. राजधानी नूक, तिची वस्ती २०,००० च्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला रस्ता नाही. बोटीनं जा, नाहीतर विमानानं. या नूकमध्ये २०१२ साली ग्रीनलंडचा पहिला मॉल उघडला, नूक सेंटर. खाली दुकानं, वर सरकारी कचेऱ्या.

बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि आत उबेत सगळी खरेदी. लेकरं कडेवर घेऊन बाजार करणाऱ्या बाईला ही सोय किती मोठी, ते आपल्याला सांगायला नको. मॉल वाईट, असं मी म्हणणार नाही.

पण तिथला माल येतो कुठून? पीठ, साखर, कपडे, भाजी, बहुतेक सगळं हजारो किलोमीटरवरच्या डेन्मार्कहून जहाजानं येतं. भाडं किमतीवर चढतं. आणि ग्रीनलंड बाहेर काय विकतं? मुख्यतः कोळंबी आणि मासळी. म्हणजे समुद्रानं दिलेला पैसा पुन्हा समुद्रापार जातो. आपली तूर पोत्यानं जाते आणि डाळीचं पाकीट होऊन परत येते, तसंच की!

त्याच शहरात एक जुना बाजार आहे. त्याला 'ब्रेटेट' म्हणतात, म्हणजे फळी. मासेमार आणि शिकारी आपला माल स्वतः आणून तिथे विकतात. ताजी मासळी, सीलचं आणि रेनडिअरचं मांस, जो हंगाम असेल ते. मॉल झाला म्हणून हा बाजार उठला नाही. कारण घरच्या चवीचं, ओळखीच्या माणसानं सकाळी आणलेलं, डेन्मार्कच्या जहाजातून येत नाही.

आता दुसरी बाजूही ऐका. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सीलचं कातडं कमावून बूट, कपडे शिवत आल्या. २००९ साली युरोपीय संघानं सीलच्या मालावर बंदी घातली. तिथल्या मूळ रहिवाशांना, म्हणजे इन्युइट लोकांना सूट होती. तरी गिऱ्हाईक बिचकलं आणि मागणी घसरली. हातात कसब होतं, पण लांबच्या गिऱ्हाइकाच्या मनावर यांचा ताबा नव्हता.

यातून मला तीन गोष्टी दिसतात. एक, मॉलमध्ये जे मिळतं तेच आपण करायला गेलो तर भावात हरू. आपल्या हातची चव हीच आपली फळी. दोन, मॉलमध्ये माल ठेवायचाच असेल तर अन्न परवाना, वजन, तारीख, लेबल नीट हवं. आणि पैसे किती दिवसांनी मिळणार, हे आधी कागदावर घ्या. उधारीत गटाचं भांडवल अडकलं तर कर्जाचा हप्ता कोण भरणार? तीन, सगळा माल एकाच गिऱ्हाइकाला देऊ नका. आठवडी बाजारातली आपली जागा सोडू नका. एकदा सोडलेली जागा परत मिळत नाही.

पुढच्या बैठकीपर्यंत एक काम करा. महिनाभर घरात काय विकत आणलं ते वहीत लिहा. गावात केलेलं एका बाजूला, बाहेरून आलेलं दुसऱ्या बाजूला. दोन्हींची बेरीज मांडून बैठकीला या. बाहेर जाणाऱ्या रकमेतलं काय आपला गट करू शकतो, ते तिथेच ठरवू.