काजळीच्या काचेवरच्या दोन रेघा



दहावी ‘ब’च्या मुलांना आठवत असेल. सरांनी काचेच्या तुकड्यावर काजळी धरली, दोन ब्लेड एकत्र धरून तिच्यावर जवळजवळ दोन रेघा ओढल्या आणि त्यांतून बल्बच्या तारेकडे बघायला लावलं. उजळ पट्टे, मधेमधे काळे. ‘‘उजेडात उजेड मिळवला तर अंधार कसा?’’ मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. सरांनी पाण्यातल्या लाटा सांगितल्या. एकीचा चढ, दुसरीचा उतार, पाणी सपाट.

मी विचारलं, ‘‘पण प्रकाशाचे कण असतात म्हणे?’’ सर म्हणाले, ‘‘असतात. दोन्ही एकदम कसं जमतं, ते मला नीट समजलेलं नाही.’’

पुढे मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागलो. एका मुलीनं विचारलं, इलेक्ट्रॉन एकेकटे सोडले तरी असे पट्टे दिसतील का? मी ठणकावून सांगितलं, ‘‘नाही. पट्टे पडायला त्यांची एकमेकांशी गाठ पडावी लागते.’’ ती खाली बसली.

हा प्रयोग जपानमध्ये हिताचीच्या प्रयोगशाळेत आकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी केलेला होता. १९८९ साली छापूनही आला होता. मी वाचला नव्हता, एवढंच. फटींच्या जागी विद्युतभारित अतिबारीक तार, तिच्या दोन बाजूंनी दोन वाटा. इलेक्ट्रॉन इतके विरळ, की एक पडद्यावर पोचेपर्यंत दुसरा सहसा निघालेलाच नसे. दर वेळी एकच ठिपका, अगदी कणासारखा. सुरुवातीचे ठिपके चुरमुरे सांडल्यासारखे, कुठेही. हजारो जमले, तेव्हा त्यांतून पट्टे उभे राहिले! गाठ पडायला वाटेत दुसरं कुणी नव्हतंच. आणि कोणता इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेनं गेला हे कळण्याची सोय केली, की पट्टे पुसले जातात.

मला हे कळेपर्यंत तिची बॅच निघून गेली होती. नंतरच्या प्रत्येक वर्गात मी हा तास माझ्या चुकीपासूनच सुरू केला. तिच्यापर्यंत ते पोचलं नाही. सर, तुमचं उत्तर मला तेव्हा आठवायला हवं होतं.

तशी काच आज करून आणली आहे. चहाच्या टेबलाशेजारी ठेवली आहे. जुना तारेचा बल्ब मिळवायला तीन दुकानं फिरलो. पहिल्यांदा सरांनी बघावं, मग एकेकानं. काजळी हाताला लागते, पांढऱ्या सदऱ्यांनी जपून.