रायगडावरची समाधी आणि लोकवर्गणी

१८८३ साली जेम्स डग्लस या ब्रिटिश लेखकाने रायगडावरच्या शिवसमाधीची दैना पुस्तकात मांडली. फरसबंदी फोडून झाडं वर आलेली, आवारात रान माजलेलं. महाराष्ट्र हळहळला. १८९५मध्ये लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून निधीसाठी साद घातली, पुण्यात हिराबागेत सभा झाली. संस्थानिकांच्या देणग्यांइतकेच मोलाचे होते सामान्यांनी पदरमोड करून दिलेले पैसे. पुढच्याच वर्षी गडावर शिवोत्सव झाला. जीर्णोद्धार मात्र पुरा व्हायला १९२६च्या आसपासचा काळ उजाडला. तीस वर्षं लोकांनी चिकाटी सोडली नाही. तुमच्या गावच्या बारवेसाठी, वेशीसाठी वर्गणी काढाल तेव्हा पै-पैचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, आणि काम लांबलं तरी निधी मोडू नका.