कंपाउंडमधलं कास पठार

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त क्लब हाउसमध्ये भरवलेल्या छायाचित्र प्रदर्शनाच्या वेळी केलेले भाषण)



सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी फोटोग्राफर नाही. बँकेत ३४ वर्षं नोकरी केली. त्यातली बरीचशी चेकवरच्या सह्या ताडून पाहण्यात गेली. सहीच्या शेवटच्या फराट्याचं वळण जरा बदललं तरी माझ्या लक्षात यायचं. पण ऑफिसला जाता-येता वाटेवरचं एखादं पान कधी नीट पाहिलं असेन, तर शपथ. घरी अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा फोटो. ते बारसं, मुंज आणि महाबळेश्वरच्या पॉइंटवर ओळीने उभं राहून काढायचे. गवतावर रोल वाया घालवणारा माणूस वेडाच ठरला असता.

रिटायर झाल्यावर आम्हा उभयतांना कास पठार बघायचं होतं. सातारजवळचं हे पठार पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं, हे आपल्याला माहीतच आहे. सप्टेंबरचं बुकिंग केलं आणि ऐन वेळी गुडघ्याने दगा दिला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "चढ-उतार नको, सपाटीवर चाला." आमची सपाटी म्हणजे ए विंग ते पंप हाउस आणि पंप हाउस ते ए विंग!

आपल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावरची मंडळी मात्र कासला जाऊन आली. मी मोठ्या हौसेने विचारलं, कसं होतं? एक जण म्हणाले, "लांबून जांभळा गालिचा दिसतो हो, पण ती सीतेची आसवं जवळून बघायची तर खाली वाकावं लागतं. फूल नखाएवढं!" दुसऱ्या दिवशी पंप हाउसपाशी वळताना मनात आलं, नखाएवढीच फुलं बघायची, तर ती इथे काय कमी आहेत?

नातवाने मोबाईलला चिमट्यासारखं लावायचं एक छोटं भिंग आणून दिलं. मला खाली बसता येत नाही, म्हणून वॉचमनच्या केबिनमधली प्लास्टिकची खुर्ची घेऊन मी भिंतीकडेला बसू लागलो. आमच्या सौ. म्हणाल्या, "बी विंगमधून फोन आला होता. विचारत होत्या, काकांचं काही हरवलंय का?"

पहिला फोटो एकदांडीचा काढला. लहानपणी खरचटलं की आम्ही जिचा पाला चोळायचो, तीच ही. फोटो मोठा करून बघितला आणि थक्क झालो. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो अख्खा गुच्छ असतो. मधल्या पिवळ्या ठिपक्यात पाच-पाच टोकांची कितीतरी इवली फुलं दाटीने बसलेली, आणि कडेची प्रत्येक पांढरी पाकळी हेसुद्धा एक स्वतंत्र फूल. सत्तर वर्षं हे पायाखाली तुडवत आलो होतो.

आता या प्रदर्शनातल्या ७ ते १२ क्रमांकाच्या फोटोंबद्दल. हे फोटो पंप हाउसमागच्या कढीपत्त्याचे आहेत. आपल्यातल्या प्रत्येकाच्या फोडणीत त्याची पानं पडलेली आहेत. गेल्या जुलैत एका पानावर पक्ष्याची विष्ठा पडलेली दिसली. पान चांगलं वाटलं म्हणून सहज फोटो काढला, तर त्या विष्ठेला पाय होते! ती अळी होती. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून घेतलेलं ते सोंग. मग रोज सकाळी हजेरी लावू लागलो. काही दिवसांनी तिने कात टाकली आणि ती पानासारखी हिरवीगार झाली. काडीने हलकेच स्पर्श केला, तर डोक्यामागून लाल रंगाची दोन शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला. पंधराएक दिवसांनी तिने स्वतःला कमरेशी एका धाग्याने फांदीला बांधून घेतलं आणि कोश केला.

त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी गेलो, तर कोश फुटलेला आणि शेजारी एक काळं फुलपाखरू ओले, चुरगळलेले पंख सोडून लटकलेलं. अर्ध्या तासात पंख ताणले गेले, खालच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ उमटली आणि ते उडालं. तो बारा नंबरचा फोटो. माझा हात थरथरला, म्हणून तो हललेला आहे. तरी तो लावायचाच, असा मी हट्ट धरला.

नातवाने नाव शोधून काढलं, कॉमन मॉरमॉन. आपल्या महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून मान दिला, त्या ब्लू मॉरमॉनचाच हा भाऊबंद. यांच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात, आणि कढीपत्ता त्याच कुळातला.

हे ऐकल्यावर मी गप्प झालो. का, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी खजिनदार असताना "कढीपत्त्याला कीड लागली" अशी तक्रार आली होती. मी झाड न बघताच फवारणी करायला सांगितली. व्हाउचरवर सही माझीच. ऑडिटमध्ये काही निघालं नाही, कारण हिशेब चोख होता. त्या वर्षी तिथे किती फुलपाखरं झाली नाहीत, याचा रकाना कुठल्याच वहीत नसतो.

मंडळी, हे आज सांगायचं कारण आहे. येत्या सर्वसाधारण सभेत पंप हाउसमागच्या जागेवर पेव्हर ब्लॉक बसवण्याचा विषय आहे. त्यामागची कारणं खोटी नाहीत. पावसात तिथे चिखल होतो, कचरा साठतो, मुलं घसरतात. माझी विनंती एवढीच की, मधे ब्लॉक जरूर बसवा, पण भिंतीकडेची तीन फूट माती कढीपत्त्यासकट मोकळी ठेवा आणि तिथे फवारणी नको. कढीपत्ता धुऊन घेतला की फोडणीला चालतो. त्या पट्ट्यातला कचरा उचलण्याची जबाबदारी माझी. सभेला हे पटलं नाही, तर बहुमत मला मान्य आहे.

पुष्कळ जण विचारतात, असे फोटो कसे काढायचे? त्यात विशेष काही नाही. सकाळी कोवळ्या उन्हात जायचं. आपली सावली पडू द्यायची नाही. मोबाईल फुलाच्या उंचीला न्यायचा. वारा थांबेपर्यंत थांबायचं आणि श्वास धरून बटण दाबायचं. काहीही तोडायचं नाही. दहातले नऊ फोटो हलतात, पण आता रोल संपण्याची भीती नाही. आणि फोटो बिघडला तरी तेवढी दहा मिनिटं आपण एका जागी थांबून एक गोष्ट नीट बघितलेली असते. मला विचाराल तर खरी कमाई तीच.

बालमित्रांनो, येत्या रविवारी सकाळी साडेसात वाजता पंप हाउसमागे या. आजी-आजोबांनाही घेऊन या. खुर्च्या मी मांडून ठेवतो, मोबाईल तुम्ही आणा. कासला आम्ही दोघं अजून गेलेलो नाही. पण आता त्याची पूर्वीइतकी चुटपुट लागत नाही.