रानपिंगळा आणि पोकळ झाड

पहाटेच्या अंधारात कुडमुडे वाजवीत दारी येणारा पिंगळा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पिंगळा पक्ष्याची बोली आपल्याला कळते, असे तो सांगतो आणि आपले भविष्य वर्तवतो. आज ज्या पक्ष्याची हकीकत सांगायची आहे, तो याच पिंगळ्याचा जंगलातला भाऊबंद, रानपिंगळा. भविष्य तोही सांगतो. पण माणसाचे नव्हे, रानाचे.

१८७३ साली ह्यूम यांनी या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र तो कुणालाच गवसेना. मध्यंतरी माइनर्टझहागेन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी आपल्याला तो १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचे सांगितले. तो नमुना वस्तुतः संग्रहालयातून लांबवलेला जुनाच होता, हे पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषींनी पुढे सिद्ध केले. खोट्या नोंदीपायी शोधाची दिशाच चुकली होती! अखेर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी जिवंत दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला.

आता आपण म्हणाल, गावच्या पिंगळ्यात आणि यात फरक तो काय? गावच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, छाती तपकिरी आणि पायांवर पांढरी पिसे. तो भर दिवसा उघड्या फांदीवर बसतो आणि सरडे, सापसुरळ्या, उंदीर, किडे टिपतो. पण खरा फरक बिऱ्हाडाचा आहे. गावच्या पिंगळ्याला बांधावरचे झाड चालते, जुन्या भिंतीतले भोकही चालते. रानपिंगळ्याला साग, सालई, धावडा यांचे पानझडी रान लागते आणि त्यात मोठ्या झाडाची ढोली लागते.

तोरणमाळच्या वाटेने जाताना राखलेले रान आणि तोडलेले रान दोन्ही दिसतात. तोडलेल्या रानात, शेताच्या कडेला, पाखरे नसतात असे समजू नका. साळुंक्या, होले, बुलबुल, वेडे राघू, कोतवाल, नुसता गलबला असतो! मोजायला बसलात तर राखलेल्या रानापेक्षा तिथे एखादे वेळी जास्तच भरतील. म्हणून नुसती संख्या मोजून रानाची प्रकृती कळत नाही. कोण आहे, आणि कोण नाही, हे पाहावे लागते.

राखलेल्या रानात सुतार पक्षी ठोकठोक करीत वाळक्या खोडात भोक पाडतो. पुढे त्याच ढोलीत पोपट राहील, भांगपाडी मैना राहील. फांदी मोडून, खोड कुजून झालेल्या थोरल्या ढोलीत धनेश किंवा रानपिंगळा घर करील. म्हणजे एकेक म्हातारे झाड ही एक चाळच म्हणायची! आणि सरपणाला आधी जाते ते हेच झाड. वाळलेले, पोकळ, ‘काय उपयोगाचे?’ म्हणून.

यात पावरा-भिल्ल बांधवांना दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. चूल पेटायलाच हवी. मोहाची फुले वेचायची तर खालचा पाचोळा दूर करायलाच हवा. पण तो पेटवला आणि आग पसरली, तर सापसुरळ्याही जळतात आणि वाळकी खोडेही. पाचोळा झाडून घेता येतो. चुलीला लवकर वाढणारे लाकूड बांधावर लावता येते. आणि दर टापूत चारदोन पोकळ झाडे कुऱ्हाडीतून वगळता येतात. बाहेरून येणाऱ्या लाकूडचोराला मात्र माफी नको.

रानपिंगळा पुढे मेळघाटात सापडला, ठाणे जिल्ह्यात तानसाच्या रानातही सापडला. २०१८ साली जागतिक यादीत त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून काढून ‘संकटग्रस्त’ वर्गात घातले. एक पायरी टळली. संकट टळलेले नाही. पोकळ झाड उगवता येत नाही, ते म्हातारे व्हावे लागते. त्याला आपल्या एका पिढीहून जास्त काळ लागतो आणि तोडायला एक सकाळ पुरते. पुढच्या वेळी वाळक्या खोडावर कुऱ्हाड उचलण्यापूर्वी ढोलीकडे एकदा वर पाहा. आतून दोन पिवळे डोळे आपल्याकडे पाहत असतील, तर भविष्य विचारायला वेगळ्या पिंगळ्याची गरज नाही.