इंजिन खोलणाऱ्यांचं गाव

कोल्हापुरात एखाद्या गाडीमागून निळसर धूर यायला लागला की गल्लीतलं कुणी तरी लगेच सांगतं, ‘रिंगा गेल्या.’ निदान बहुतेक वेळा बरोबर असतं. पेट्रोल गरजेपेक्षा जास्त गेलं तर धूर काळा, थंड करणारं पाणी सिलिंडरमध्ये उतरलं तर दाट पांढरा, आणि ऑइल जळत असेल तर निळसर. पण पिस्टनवरच्या रिंगा जातात म्हणजे नेमकं काय होतं, हे धूर बघून कळत नाही. त्यासाठी इंजिन खोलावं लागतं. सवड, स्वच्छ टेबल आणि चिकाटी असेल तर ते घरच्या शेडमध्येही खोलता येतं.

शिकायला मारुती 800 सारखी गाडी नाही. 1983 मध्ये ती रस्त्यावर आली, 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं, आणि मधल्या तीस वर्षांत मध्यमवर्गाच्या कितीतरी घरांतली ती पहिली गाडी ठरली. तिच्या इंजिनाला तीन सिलिंडर. सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, 68.5 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 72 मिलिमीटर. शाळेतलं वृत्तचितीच्या घनफळाचं सूत्र लावून तीनने गुणलं की 796 हा आकडा येतो. गाडीच्या कागदपत्रांत ‘सीसी’ म्हणून छापलेली संख्या अशी स्वतःच्या हिशेबातून समोर आली की मुलांचे डोळे चमकतात.

खोलताना घाई करणाऱ्याचं इंजिन जोडताना अडतं. प्रत्येक बोल्ट कुठला, कुठल्या क्रमाने निघाला, हे लिहून ठेवायचं, फोटो काढायचे, सुटे भाग डब्यांत चिठ्ठ्या लावून ठेवायचे. कनेक्टिंग रॉडची टोपी ज्या रॉडची त्याच रॉडला, त्याच बाजूने बसली पाहिजे, कारण दोन्ही एकत्र जोडून त्यांचं भोक कातलेलं असतं. शेजारच्या रॉडची टोपी दिसायला तशीच असते, पण ती चालत नाही.

हेड उतरलं, पिस्टन बाहेर आले की सिलिंडरच्या वरच्या टोकाजवळ बोटाचं नख फिरवून पाहावं. तिथे बारीकशी कड लागते. त्या कडेच्या वर रिंग कधी पोचलेलीच नसते, म्हणून तिथला धातू मूळ मापाचा राहतो. खालचा झिजलेला असतो. आणि सगळ्यात जास्त झीज त्या कडेच्या लगेच खालीच का? इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर प्रत्येक पिस्टन सेकंदाला 50 वेळा खालीवर जातो. वर एकदा, खाली एकदा, असा सेकंदाला 100 वेळा तो क्षणभर थांबतो. धावताना रिंग आणि भिंत यांच्यात ऑइलचा पातळ थर टिकतो. पिस्टन थांबला की तो थर तुटायला येतो. त्यात वरच्या टोकाला स्फोटाची आग आणि दाब. धातूला धातू लागतो तो तिथे. शिवाय रॉड तिरका असल्यामुळे पिस्टन भिंतीवर एका बाजूला रेलतो, म्हणून बोअर लांबटगोल होतो. त्यासाठीच माप वर, मध्ये आणि खाली, शिवाय आडवं आणि उभं घ्यायचं. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, पण तेवढ्या फटीतून ऑइल वर चढतं आणि मागे निळा धूर दिसतो. गल्लीतल्या त्या दोन शब्दांमागे एवढं सगळं असतं.

माप हाती आल्यावर बोअर कातायचं काम मात्र घरी होत नाही. तिथे कोल्हापूरकराचं भाग्य आहे. शिवाजी उद्यमनगरात ब्लॉक घेऊन गेलं की बोअर करणारा, क्रँक ग्राइंड करणारा, हेड फेस करणारा, व्हॉल्व्हच्या सीट कापणारा, सगळे चालत जाण्याच्या अंतरावर. हे आपोआप झालेलं नाही. पंचगंगेचं पाणी उसाला पाजायला आणि गुऱ्हाळाचा चरक फिरवायला शेतकऱ्यांनी ऑइल इंजिनं आणली. ती बिघडली तेव्हा इथल्या मेस्त्री मंडळींनी ती खोलली, झिजलेला भाग मोजला, आणि बाहेरून मागवण्याऐवजी स्वतः ओतून, कातून बसवला. सुटे भाग बनवता बनवता त्यांनी अख्खी इंजिनं बनवली. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथे इंजिनाचे ब्लॉक आणि हेड ओतले जातात, पिस्टन आणि बेअरिंगं बनतात. या शहराचं इंजिनिअरिंग दुरुस्तीतून उगवलं, याचा अभिमान मोठ्या आवाजात सांगावा असा आहे. बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला, तोही यंत्राचा आतला कारभार समजून घेऊनच.

आणि इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. इंजिनिअरिंगची पदवी नाही, शालेय शिक्षणही बेताचं. या माणसाने 1949 मध्ये दोन माणसांची छोटी मोटार तयार केली, आणि पुढची वीसेक वर्षं तिचे एकामागून एक सुधारलेले नमुने काढले. ‘मीरा’ तिचं नाव. चाकांना धक्के सोसायला त्यांनी रबराची योजना केली, त्यामुळे सुटे भाग कमी झाले, वजन घटलं. सर्वसामान्य कुटुंबाला परवडावी म्हणून किंमत सुमारे 12,000 रुपये धरली होती. परवानग्यांच्या त्या काळात मीरा कारखान्यापर्यंत पोचली नाही. स्वस्त, छोट्या गाडीची चर्चा देशात पुढे अनेकदा झाली. त्या प्रत्येक वेळी इचलकरंजीचं नाव निघायला हवं होतं.

घरी परतलेल्या ब्लॉकमध्ये आता ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्कच्या पान्याने आवळायचे. टायमिंग बेल्ट चढवण्याआधी दोन्ही चक्रांचे दात मोजावेत: कॅमच्या चक्राला क्रँकच्या दुप्पट. चार धावांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा, म्हणून क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक. निकोलाउस ऑटोने 1876 मध्ये चालवून दाखवलेलं चार धावांचं चक्र या दातांत मोजता येतं.

शेवटी प्लग न बसवताच स्टार्टर मारायचा. ठिणगी नाही, दाब नाही, नुसती फिरकी. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत थांबायचं, कारण तो विझला म्हणजे ऑइलला दाब आला. मग प्लग, मग चावी. पहिल्या काही क्षणांत जोडताना लावलेलं ऑइल जळून थोडा धूर येतो. तो विरतो, तीन सिलिंडरांचा एकसारखा आवाज शेडमध्ये भरतो, आणि शेजारचे लोक काय झालं ते पाहायला दारात येतात.