गोळी, मीठ आणि नाशिकचें ताट

रक्तदाब वाढला तरी पुष्कळदां डोकें दुखत नाहीं, चक्करही येत नाहीं. म्हणून प्रकृति ठीक वाटतांच मनुष्य गोळी सोडतो. परंतु ठीक वाटणें ही दाब उतरल्याची खूण नव्हे. डॉक्टरांस न विचारतां औषध थांबविल्यास दाब पुन्हां चढतो, आणि मेंदू, हृदय व मूत्रपिंड यांना धोका पोहोंचतो.

या औषधांच्या इतिहासांत मुंबईचाही वांटा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें सर्पगंधेच्या गुणांवर लेख लिहिला आणि पाश्चात्त्य वैद्यांचें लक्ष तिकडे वेधलें. आज तिच्याहून सोयीचीं औषधें मिळतात.

मात्र गोळी घेतली म्हणजे मिठाला मुभा मिळाली, असें नाहीं. मीठ शरीरांत पाणी धरून ठेवतें व गोळीचें काम अवघड करतें. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसास दिवसाकाठीं ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चमचाभराच्या आंत, मीठ सांगितलें आहे. नाशिककरांची मिसळ, तिजबरोबरचा पापड, जेवणांतलें लोणचें आणि सायंकाळचा चिवडा यांतच तें सरतें. उपवासाचें सैंधव निर्दोष मानतात. पण तेंही मुख्यत्वें सोडियमचेंच. पोटॅशियम घातलेलें मीठ मूत्रपिंडाच्या रोग्यानें, तसेंच रक्तदाबाचीं कांहीं औषधें घेणाऱ्यानें, डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये.

तेव्हां पानांत मीठ वाढूं नका. लिंबू, जिरें, लसूण यांनीं चव आणा. दाब मोजून वहींत टिपा. सारें घरच कमी मिठाचें जेवूं लागलें, तर रोग्याला तें पथ्य वाटणार नाहीं.